शिकाऱ्याची नजर आणि चित्रकाराची नजर : ब्रूनो लिल्येफोर्स व व्यंकटेश माडगूळकर यांच्या वन्यजीवचित्रणाचा तौलनिक विचार

प्रस्तावना

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या वेशींवर हत्तीला पायाखाली घेतलेल्या सिंहाची आकृती कोरलेली आहे. गोंड राजांचे ते राजचिन्ह होय. विदर्भातील अभ्यासकाच्या नित्य पाहण्यातले हे शिल्प म्हणजे एका हिंस्र प्राण्याने दुसऱ्या प्राण्यावर मिळविलेल्या विजयाचे चित्रणच आहे. परंतु त्याला कोणी वन्यजीवशिल्प म्हणणार नाही. सिंहाचे हत्ती हे नेहमीचे भक्ष्य नव्हे. येथे सिंह म्हणजे राजसत्ता आणि हत्ती म्हणजे पराभूत बळ. शिल्पकाराला प्राण्यांविषयी काही सांगावयाचे नाही. प्राण्यांच्या रूपाने त्याला राजाविषयी सांगावयाचे आहे.

भक्षक आणि भक्ष्य यांच्या चित्रणाचा इतिहास बव्हंशी असाच आहे. कधी तो सत्तेचे प्रतीक बनला, कधी दरबारी मनोरंजनाचा विषय बनला, तर कधी नीतिबोधाचे साधन. शिकारीचे दृश्य हे स्वतःच पाहण्याजोगे, समजून घेण्याजोगे वास्तव आहे, ही जाणीव कलेत बरीच उशिरा आली. ही जाणीव ज्यांच्या कामात स्पष्टपणे दिसते अशा दोन कलावंतांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिले स्वीडिश चित्रकार ब्रूनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) आणि दुसरे मराठीतील श्रेष्ठ कथाकार व रेखाटनकार व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१). एकाचे मुख्य माध्यम रंग आणि दुसऱ्याचे शब्द. एक उत्तर युरोपातील हिमाच्छादित अरण्यात वावरलेला, तर दुसरा माणदेशाच्या उघड्या माळावर वाढून पुढे विदर्भातील नागझिऱ्याच्या जंगलात मुक्कामाला आलेला. या दोघांना एकत्र आणणारा धागा असा की दोघेही मूळचे शिकारी होते आणि दोघांनीही शिकाऱ्याचे ज्ञान कलेच्या कामी लावले.

शिकारदृश्याच्या चित्रणात कलावंत कोणाची बाजू घेतो, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. ज्या जिल्ह्यांत वाघ आणि माणूस आज एकाच रानात वावरत आहेत, तेथे वाघाकडे कसे पाहावे हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

पूर्वपरंपरा : दरबार आणि देखावा

भारतीय उपखंडात शिकारचित्रांची मोठी परंपरा मुघल व राजपूत दरबारांत निर्माण झाली. तीत प्राण्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे; पण चित्राचा नायक बहुधा राजा असतो. प्राणी मारला जातो तो राजाचे शौर्य सिद्ध करण्यासाठी. चित्त्याकडून काळविटाची शिकार करविण्याची प्रथाही याच दरबारी जगातली. महाराष्ट्रात कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकातही चालू होती. येथे भक्षकही स्वतंत्र नव्हता. तो माणसाच्या हातातील साधन होता.

या प्रथेची एक उद्बोधक नोंद इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज याच्या सुमारे १७६५ मधील चित्रात आढळते. मद्रासचे गव्हर्नर जॉर्ज पिगट यांनी तिसऱ्या जॉर्ज राजाला एक चित्ता भेट दिला होता. विंडसरच्या उद्यानात त्याला एका सांबरवर्गीय नरावर सोडण्याचा प्रयोग झाला. चित्त्याने शिकार केली नाही. उलट त्या नरानेच त्याला परतवून लावले. स्टब्जने मात्र चित्रासाठी त्याआधीचा क्षण निवडला. दोन भारतीय सेवक चित्त्याला सोडण्याच्या तयारीत आहेत, एक जण हाताने भक्ष्याकडे निर्देश करीत आहे आणि चित्ता ताठ उभा आहे. प्रत्यक्षातील फजिती चित्रात नाही. शिकारीतील अपयश चित्रित करण्याजोगे मानले जात नव्हते, हे यावरून दिसून येते. वास्तविक वन्यजीवनात अपयश हाच नियम असतो. वाघाचे किंवा बिबट्याचे बहुतेक प्रयत्न फसतात. चित्रकलेच्या इतिहासात मात्र ते क्वचितच फसलेले दिसतात.

लिल्येफोर्स : कारकीर्द आणि पद्धती

लिल्येफोर्स यांचा जन्म १८६० मध्ये उप्साला येथे झाला. लहानपणी प्रकृती अशक्त असल्याने मोकळ्या हवेत हिंडणे आणि शिकार यांची त्यांना गोडी लागली. स्टॉकहोमच्या राजकीय कला अकादमीत ते १८७९ मध्ये दाखल झाले, पण तेथील शिक्षण त्यांना मानवले नाही. १८८२ मध्ये अकादमी सोडून ते जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेले आणि प्राणिचित्रकार कार्ल फ्रीडरिश डायकर यांच्याकडे शिकले. पुढे इटली व फ्रान्सचा प्रवास झाला. पॅरिसमधील नवी चित्रकला आणि जपानी चित्रांतील मांडणी यांचा त्यांच्यावर परिणाम झाला. मायदेशी परतल्यावर अकादमीविरुद्ध बंड करणाऱ्या चित्रकारांच्या गटात ते सामील झाले. अँडर्स झोर्न व कार्ल लार्सन हे त्यांचे समकालीन व स्नेही. दीर्घकाळ आर्थिक विवंचना सोसल्यानंतर बँकर एर्नेस्ट थील यांच्यासारख्या संग्राहकांचा आश्रय त्यांना लाभला. उत्तरायुष्यात स्टॉकहोमच्या द्वीपसमूहातील बुलेरो बेटावर त्यांचे शिकारीचे व चित्रकारीचे ठाणे होते.

त्यांच्या पद्धतीविषयी दोन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. पहिली अशी की त्यांनी स्वतःचा लहानसा प्राणिसंग्रहच बाळगला होता. कोल्हे, बिज्जू, ससे, खारी, घुबडे, गरुड यांचे ते रोजच्या रोज निरीक्षण करीत. मारलेल्या पक्ष्यांना हव्या त्या स्थितीत मांडून त्यांवरूनही ते चित्रे काढीत. दुसरी गोष्ट म्हणजे प्राणी त्याच्या परिसरापासून वेगळा काढता येत नाही, हे सूत्र त्यांनी फार लवकर ओळखले. १८९३ मध्ये स्टॉकहोम येथे निसर्गसंशोधक गुस्ताफ कोल्टहोफ यांनी स्थापन केलेल्या जीवशास्त्रीय संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी त्यांच्या नैसर्गिक परिसरासह मांडले गेले. त्यामागील विस्तीर्ण पार्श्वचित्रे रंगविण्याचे काम लिल्येफोर्स यांच्याकडे होते. संग्रहालयात प्राण्यामागे अरण्य उभे करणारा हा चित्रकार आपल्या कॅनव्हासवरही तेच करीत होता.

क्षणाची निवड

जर्मन विचारवंत लेसिंग याने १७६६ मध्ये मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. काव्य काळाच्या ओघात उलगडते. चित्राला मात्र एकच क्षण मिळतो. म्हणून तो क्षण असा निवडावा लागतो की मागचे आणि पुढचे त्यातून सुचावे. शिकारचित्रकारासमोर तीन क्षण असतात : झडपेपूर्वीचा, झडपेचा आणि नंतरचा. लिल्येफोर्स यांनी तिन्ही हाताळले आणि प्रत्येकातून वेगळा अर्थ काढला.

१८८४ मधील ‘ससाणा आणि रानकोंबडे’ या चित्रात झडपेचा क्षण आहे. बर्फाळ भूमीवर शिकारी पक्ष्याने थव्यातील एकाला पकडले आहे आणि बाकीचे उधळले आहेत. चित्रकार तेवीस-चोवीस वर्षांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या धैर्याचे कौतुक वाटते. ससाण्याच्या मुद्रेत क्रौर्य नाही की भक्ष्याच्या मुद्रेत करुणेची याचना नाही. दोघांच्याही शरीरांत केवळ धडपड आहे. १८८६ मधील ‘कोल्ह्याचे कुटुंब’ या चित्रात नंतरचा क्षण आहे. मारलेल्या पक्ष्याभोवती कोल्ह्याची पिले जमली आहेत. पाहणाऱ्याच्या मनात येथे एक पेच निर्माण होतो. पिलांविषयी वाटणारे वात्सल्य आणि मृत पक्ष्याविषयी वाटणारी हळहळ ही एकाच चौकटीत येतात आणि दोहोंपैकी कोणतीही एक भावना खोटी ठरवता येत नाही. मेलेला पक्षी आणि वाढणारी पिले ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, इतकेच चित्र सांगते.

१८८५ मध्ये त्यांनी मांजर आणि लहान पक्षी यांचे चित्र काढले. घराच्या उंबऱ्यावर झोपणारा प्राणीही त्याच नजरेने पाहिला गेला. हिंस्रपणा हा अरण्यातल्या काही दुष्ट प्राण्यांचा गुण नसून खाऊन जगणाऱ्या देहाचा सामान्य धर्म आहे, ही भूमिका येथे अधिक स्पष्ट होते.

१९०४ मधील ‘सशाचा पाठलाग करणारा सुवर्णगरुड’ हे चित्र मात्र वेगळ्या वळणाचे आहे. उत्तरकाळात लिल्येफोर्स यांची चित्रे आकाराने मोठी होत गेली आणि गरुडांना त्यांत मध्यवर्ती स्थान मिळाले. रंगलेपनाचे सामर्थ्य वाढले; परंतु भक्षकाला एक प्रकारचे वीरत्वही प्राप्त झाले. पंख पसरलेला गरुड पाहताना आपण नकळत त्याच्या बाजूला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तरुण लिल्येफोर्स यांचा समतोल येथे काहीसा ढळतो. चंद्रपूरच्या वेशीवरील सिंहापासून हा गरुड फार दूर आहे हे खरे, तरी त्या दिशेने एक पाऊल मागे पडलेले आहे. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या भव्य चित्रांपेक्षा १८८० च्या दशकातील लहान, जमिनीलगतच्या चित्रांना अधिक महत्त्व द्यावे असे वाटते.

माडगूळकर : रेषेकडून शब्दांकडे

व्यंकटेश माडगूळकर यांची मराठी वाचकाला ओळख आहे ती ‘माणदेशी माणसं’ (१९४९) व ‘बनगरवाडी’ (१९५५) यांचे लेखक म्हणून. परंतु चित्रकार होण्याची ओढ त्यांना तरुणपणापासून होती आणि रेखाटनाचा हात त्यांनी अखेरपर्यंत चालता ठेवला. त्यांच्या पुस्तकांतून त्यांची स्वतःची रेखाटने आढळतात. पुणे आकाशवाणीत नोकरी करीत असताना त्यांनी रानावनांतील भटकंती सोडली नाही. आरंभी ते शिकारी म्हणून रानात जात. पुढे बंदूक मागे पडली आणि निरीक्षण उरले. ‘नागझिरा’, ‘जंगलातील दिवस’ ही पुस्तके आणि ‘सत्तांतर’ (१९८२) ही कादंबरी हे त्या निरीक्षणाचे फलित होय. ‘सत्तांतर’ला १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माडगूळकरांच्या गद्यावर रेखाटनकाराचा ठसा आहे, हे समीक्षकांनी अनेकदा नोंदविले आहे. त्याचा नेमका अर्थ मात्र तपासला पाहिजे. रेखाटनात सर्व काही काढता येत नाही. काय सोडावयाचे हे ठरवावे लागते. माडगूळकरांची वाक्ये अशी आहेत. विशेषणे थोडी, क्रियापदे नेमकी. प्राणी काय करतो ते ते सांगतात. त्याला काय वाटले असेल हे सांगण्याची घाई करीत नाहीत. त्यामुळे निवाडा करण्याची जबाबदारी वाचकावर येते.

शब्दांच्या माध्यमाने त्यांना एक सोय दिली, जी लिल्येफोर्स यांना नव्हती. ती म्हणजे काळ. रानातील बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. पाणवठ्यावर तासन्‌तास काहीच घडत नाही. पाखरांचा आवाज बदलतो, वानर खोकल्यासारखी धोक्याची सूचना देते, चितळांचे कान उभे राहतात आणि पुन्हा शांतता पसरते. शिकार झालीच तर क्षणात होते; बहुधा होत नाही. ही रिकामी वेळ चित्रात दाखविता येत नाही, गद्यात येते. विंडसरच्या उद्यानात फसलेल्या चित्त्याला स्टब्जच्या चित्रात जागा नव्हती. माडगूळकरांच्या अरण्यगद्यात न घडलेल्या गोष्टींनाही जागा आहे. नागझिऱ्यासारख्या जंगलात मुक्काम करणाऱ्या लेखकाने वाघ दिसण्यावर आपल्या लेखनाचे मोल ठरविले नाही, ही गोष्ट वाङ्मयीनदृष्ट्या महत्त्वाची आहे.

‘सत्तांतर’मध्ये शिकारी व भक्ष्य असे सरळ नाते नाही. तेथे वानरांच्या टोळीतील सत्ताबदल आहे. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिले मारतो, हे वास्तव कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. या वर्तनाची शास्त्रीय नोंद १९६० च्या दशकात धारवाड परिसरात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी आणि १९७० च्या दशकात अबू येथे सारा हर्डी यांनी केली होती. पिलांची हत्या हा माणसाच्या नैतिक जाणिवेला सर्वाधिक धक्का देणारा विषय. माडगूळकरांनी तो कोणालाही खलनायक न करता हाताळला. प्रस्तुत लेखात या कादंबरीचा समावेश करण्याचे कारण हेच की हिंसेचे चित्रण करतानाही निवाडा राखून ठेवण्याची त्यांची वृत्ती येथे सर्वांत कठीण कसोटीला उतरते.

तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे. ‘सत्तांतर’ हे शीर्षकच राजकीय अर्थाला निमंत्रण देते. वानरांना नावे मिळतात, टोळीचे राजकारण दिसू लागते आणि वाचक वानरांमध्ये माणसे शोधू लागतो. कादंबरीचे पुष्कळसे वाचन याच दिशेने झालेले आहे. येथेही प्राणी पुन्हा प्रतीक होण्याचा धोका आहे. लेखकाने रानातील तपशिलांना घट्ट धरून ठेवल्यामुळे तो धोका बऱ्याच अंशी टळतो, पूर्णपणे टळत नाही. लिल्येफोर्स यांचा गरुड आणि माडगूळकरांची वानरटोळी यांतील दोष असा एकाच जातीचा आहे. प्राण्याला माणसाच्या अर्थाने मोठे करण्याचा मोह दोघांनाही काही प्रमाणात पडला.

साम्य व भेद

शिकारी होणे ही वन्यजीवाच्या कलावंताची पात्रता आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. शिकाऱ्याला वारा कोठून वाहतो, प्राणी कोणत्या वाटेने पाण्यावर येतो, कोणत्या गवतात तो दिसेनासा होतो, याचे ज्ञान असावे लागते. लिल्येफोर्स यांच्या चित्रांत ससा बर्फात आणि पक्षी झुडपांत जवळजवळ विरून गेलेला असतो; पाहणाऱ्याला तो शोधावा लागतो. असे चित्र पाहताना आपण काही काळ शिकाऱ्याच्या जागी असतो. आणि ज्याला ते लपणे साधले आहे त्या भक्ष्याचे कौशल्यही आपल्याला त्याच वेळी कळते. माडगूळकरांच्या गद्यातही माग, विष्ठा, खुरांचे ठसे, मोडलेली फांदी यांना वर्णनात मानाचे स्थान आहे.

परंतु बंदूक खाली ठेवल्यामुळेच निर्मळ दृष्टी येते, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. लिल्येफोर्स यांनी शिकार सोडली नाही, माडगूळकरांनी सोडली. तरीही दोघांच्या उत्तम कृतींत तोच समभाव आढळतो. यावरून असे म्हणता येते की निर्णायक गोष्ट शिकारीचा त्याग ही नसून शिकारीच्या ज्ञानातून ‘आपला विजय’ हा भाग वजा करणे ही होय. दरबारी चित्रात ज्ञान आणि विजय एकत्र होते. या दोन कलावंतांनी ते वेगळे केले.

पद्धतीबाबत मात्र माडगूळकर अधिक स्वीकारार्ह वाटतात. पिंजऱ्यातील कोल्हा आणि मांडून ठेवलेला मृत पक्षी यांच्या आधारे स्वातंत्र्याचे चित्र काढण्यात एक अंतर्विरोध आहे. लिल्येफोर्स यांच्या काळातील साधने पाहता तो समजण्याजोगा आहे, तरी तो नजरेआड करता येत नाही. नागझिऱ्याच्या लेखकाला प्राणी हवा तेव्हा दिसत नाही आणि हवे तसे वागत नाही. ही परस्वाधीनता त्याच्या लेखनाची नीती बनते.

विदर्भाच्या संदर्भात

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि १९७२ च्या कायद्याने वन्यजीवांना संरक्षण मिळाले. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु देखाव्याची दरबारी भूक त्याने शमली असे दिसत नाही. पर्यटकाला वाघ हवा असतो आणि वाघ दिसला की शिकार करणारा वाघ हवा असतो. रिकाम्या पाणवठ्याचे छायाचित्र कोणी जपून ठेवीत नाही.

दुसरीकडे यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आलेल्या ‘अवनी’ अर्थात टी-१ या वाघिणीविषयी जे बोलले व लिहिले गेले ते आठवावे. तेरा जणांच्या मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला होता. एका बाजूला ती क्रूर नरभक्षक होती, दुसऱ्या बाजूला ती दोन बछड्यांची असहाय माता होती. दोन्ही चित्रे प्राचीन साच्यांतली आहेत : एकात भक्षक खलनायक, दुसऱ्यात भक्षक पीडित. गुरांमागे किंवा शेतात गेलेला माणूस पहिल्या चित्रात केवळ आकडा होता आणि दुसऱ्यात तर अदृश्यच झाला. जी जमीन वाघिणीचे रान होती आणि त्याच वेळी माणसांची शेते व कुरणे होती, ती दोन्ही चित्रांतून गळाली.

‘कोल्ह्याचे कुटुंब’ या चित्रातील पेच येथे पुन्हा आठवतो. पिले आणि मृत पक्षी ही दोन्ही एकाच चौकटीत ठेवण्याचे धैर्य त्या चित्रकाराने दाखविले होते. आपल्याकडील आदिवासी परंपरेला हे धैर्य नवे नाही. वाघोबाला किंवा वाघदेवाला रानाच्या कडेला स्थान देणारा समाज वाघाला भितो, त्याला मान देतो आणि त्याच्याशी जागेचा करारही करतो. त्या श्रद्धेत वाघ निष्पाप नाही आणि दुष्टही नाही. तो शेजारी आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील मुद्दे हाती येतात.

१) भक्षक व भक्ष्य यांच्या चित्रणात दीर्घकाळ प्राणी हा सत्तेचे, शौर्याचे किंवा नीतीचे प्रतीक होता. लिल्येफोर्स यांच्या १८८० च्या दशकातील चित्रांत तो स्वतःच्या अधिकाराने चित्राचा विषय झाला.

२) उत्तम शिकारचित्रात दोन नव्हे तर तीन पात्रे असतात : भक्षक, भक्ष्य आणि त्यांचा परिसर. तिसऱ्याला वगळले की पहिल्या दोघांचे खलनायक आणि बळी होतात.

३) चित्राला न पेलणारा प्रतीक्षेचा व अपयशाचा भाग माडगूळकरांच्या गद्याने मराठीत आणला. त्यांच्या रेखाटनांचा व गद्याचा एकत्रित अभ्यास झाल्यास या वाङ्मयाचे आकलन अधिक पूर्ण होईल. आपल्या विद्यापीठांतील मराठी व ललित कला विभागांनी मिळून हे काम हाती घेण्याजोगे आहे.

४) दोन्ही कलावंत जेथे प्राण्याला मानवी अर्थाने मोठे करतात तेथे त्यांची पकड सैल होते.

कलेने वाघाची बाजू घ्यावी की चितळाची, या प्रश्नाचे उत्तर या दोघांच्या श्रेष्ठ कृती देत नाहीत. त्या आपल्याला तेथे थांबून दोघांकडेही पाहावयास लावतात. वाघाच्या रानालगत शेती करणाऱ्या आणि गुरे चारणाऱ्या माणसाला अशा पाहण्याची गरज रोजच पडते. त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांनी आणि चित्रे काढणाऱ्यांनी ती गरज ओळखली पाहिजे.